आपलं घराणं कुठल्या घाटानं माळव्यात चढलं, ते कसं शोधायचं

इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, "तुम्ही इकडे कधी आलात?" उत्तर ठरलेलं: "मल्हाररावांबरोबर," म्हणजे मल्हारराव होळकरांबरोबर. रामबागेत हेच, लोकमान्य नगरात हेच, सुदामा नगरातही हेच. सगळेच जर मल्हाररावांबरोबर आले असतील तर त्या फौजेत लढणारा कोणी उरलाच नसेल, नुसते कारकून, भिक्षुक आणि आचारी. आमच्याही घरी हेच उत्तर होतं आणि साठी येईपर्यंत मीही ते पुढच्यांना जसंच्या तसं सांगत आले.

माझी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे उतरवण्याची. हुद्दा ट्रेसर. टेबलावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं, त्यावर खडूची भुकटी चोळायची म्हणजे शाई धरते, आणि मग एकेक कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ, गिरवायचा. अमोनिया प्रिंटच्या खोलीतून आलं की डोळे चुरचुरायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोंगर उतरवले, तेव्हा निवृत्तीनंतर म्हटलं, आता आपला डोंगर उतरवू. चार वर्षं गेली, त्यातली पहिली दोन फुकट. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी मध्ये काय आडवं आहे ते बघा. दख्खनेतून माळव्यात यायचं तर तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य, या क्रमानं दोन नद्या आणि दोन डोंगर ओलांडायचे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे निमाडातून, नर्मदेच्या खोऱ्यातून, माळव्यात येताना शेवटच्या टप्प्यात चारशे मीटरचा चढ, तोही बैलगाडी, पोरंबाळं आणि देवांची पेटी घेऊन. सातपुड्यात मोठी दारं दोन. पूर्वेचं बऱ्हाणपूर–असीरगडाचं. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणतात ते उगीच नाही, अकबरानं १६०१ मध्ये तो घेतला तेव्हाच खानदेश खऱ्या अर्थानं त्याच्या हाती आला. पश्चिमेचं दार पळासनेर–बिजासन–सेंधव्याचं, ज्यावरून आज मुंबई–आग्रा रस्ता जातो. विंध्यात मात्र वाटा बऱ्याच: सिमरोलची, जामची, मानपूर–गुजरीची, मांडवाकडची. नर्मदा ओलांडायची तर बडवाह, रावेरखेडी, मंडलेश्वर, महेश्वर, खलघाट. रावेरखेडीला पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी वारले ते नदीकाठच्या तळावरच. त्यांची समाधी बघायला जाल तेव्हा पाण्याकडेही बघा. फौजा तिथं का थांबत, ते पात्र बघून कळतं.

बहुतेक जण घसरतात ते इथंच. नकाशा उघडतात, आवडता घाट निवडतात आणि आपलं घराणं त्यात कोंबतात. घराणी अशी एका दमात आली नाहीत. फौज मजल-दरमजल करत आली असेल, पण कारकून, सोनार, भिक्षुक, साळी हे एका पिढीत दोन मुक्काम, पुढच्या पिढीत एक, असे सरकत आले. कुठं महालाची, म्हणजे परगण्याच्या कचेरीची, नोकरी लागली म्हणून वीस वर्षं थांबले, कुठं मुलगी दिली म्हणून गुंतले. तेव्हा घाट शोधू नका, मुक्काम शोधा. दोन मुक्काम पक्के झाले की मधला घाट कुठला हे बैलच सांगतो.

मुक्काम शोधायची सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करायची. बाई म्हणते आहे, बाप्या नव्हे. बाप्यांना मल्हारराव आठवतात, बायकांना माहेरं. "आपण कुठून आलो?" असं मात्र विचारायचं नाही, विचारलंत की झालंच, आले मल्हारराव. विचारायचं असं: जावळ कुठं काढायचे? आजी कुठली, पणजी कुठली, तिची सासू कुठली? पहिल्या बाळंतपणाला मुली कुठं जायच्या? अस्थी कुठल्या पाण्यात सोडल्या? घरात कुठला पदार्थ असा आहे जो शेजारच्या मराठी घरात होत नाही?

माझी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिच्याकडून दुपारच्या चहाच्या चार बैठकांत नऊ सुनांची माहेरं मिळाली. आजी इंदूरचीच, जुन्या इंदुरातली. पणजी कसरावदची. तिची सासू महेश्वरची. त्याच्या आधीची एक "सोनगीरची काकू" (सोनगीर धुळ्याजवळचं), जिचं नाव कोणालाच ठाऊक नाही, पण तिच्या नावानं अजून कळण्याची भाकरी होते. ही गावं मी टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हेच्या तपशीलवार नकाशावर, तांबड्या पेन्सिलीनं टिंबवली तर एका ओळीत आली. सोयरीक साधारण दोन-चार मजलांच्या टापूतच व्हायची, म्हणून सुनांची माहेरं म्हणजे घराण्याच्या मुक्कामांची सावली. पदार्थांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. पदार्थ सुनेबरोबर येतो, घराण्याबरोबर येतोच असं नाही. आमच्याकडे कळण्याची भाकरी खानदेशी आणि अंबाडीची भाजी निमाडी, आणि सकाळी पोहे खाताना कोणाला दोन्ही आठवत नाहीत.

यानंतर क्षेत्रोपाध्यायांची, म्हणजे तीर्थावरच्या गुरुजींची, वही; तिच्यात आलेल्या यात्रेकरूंची नावं लिहिलेली असतात. आपल्या लोकांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर आधी. नर्मदेकाठच्यांनी ओंकारेश्वरही बघावं. तिथं वह्या आडनाव आणि मूळ गाव धरून लावलेल्या असतात, म्हणून नुसतं "इंदूर" सांगून भागत नाही. त्यावर फार तर आजोबांची नोंद मिळेल. आजोबांची मिळाली की तिच्यात त्यांनी कोणाचं नाव सांगितलं ते धरून मागे जायचं. सगळं लक्ष "हल्ली मुक्काम" या दोन शब्दांवर ठेवा. यात्रेकरू आपलं मूळ गाव आणि आत्ताची वस्ती, दोन्ही लिहवून घ्यायचा, आणि या दोहोंमधलं अंतर म्हणजेच तुमचं स्थलांतर. आमची जुनी नोंद अशी निघाली: "राहणार चांदवड, हल्ली मुक्काम कसबे महेश्वर." त्या गुरुजींच्या ओसरीत मला हसूच फुटलं. चांदवड! ते नाशिककडचं. म्हणजे होळकरांचा महाल खराच, पण इंदूरचा नव्हे.

तिथं जाताना गोत्र, सहा पिढ्यांची माहीत असतील तेवढी नावं आणि वेळ घेऊन जा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वही हातात घेऊ नका, गुरुजींनाच पानं उलटू द्या. दक्षिणा द्या, आणि निघताना आपली व मुलांची नावं लिहवा, मुलींचीसुद्धा. पुढं कोणीतरी तुमच्यासाठी येईल.

आता घरातले कागद. ट्रंकेच्या तळाशी तांबड्या फडक्यात मोडी कागद असतील तर सगळे सनदच शोधतात. सनद मिळाली तर फ्रेम करा, पण वाट शोधायला ती निरुपयोगी. तिच्यात गाव मिळतं, रस्ता मिळत नाही. रस्ता मिळतो खर्चाच्या यादीत. कोणीतरी बिऱ्हाड हलवलं, लग्नाचं वऱ्हाड नेलं, सुतकाला धावलं आणि परत येऊन हिशेब लिहिला, असा चिटोरा सापडला तर तो सोन्याचा. आमच्याकडे असा एकच कागद होता, वीतभर, खालच्या कोपऱ्याला वाळवी लागलेली.

तारीख कशी लावायची ते सांगते, कारण यातच लोक हात टेकतात. मोडी कागदावर बहुधा सुहूर सन असतो, आणि तोही अरबी शब्दांत, एकक आधी. आमच्या कागदावर होतं "तिस्सा अशर मयातैन व अलफ". तिस्सा नऊ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज १२१९. यात ५९९ मिळवले की १८१८. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं, तेव्हा जानेवारी ते मे असेल तर ६०० मिळवायचे. महिना मुसलमानी चांद्र, दिवसाच्या आधी "छ". आमचा होता "छ ७ जमादिलावल", म्हणजे मार्च १८१९. शके असेल तर सोपं, ७८ मिळवा. दक्षिणी फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९०. चार-दोन कागद लावले की हात बसतो.

वाचून घ्यायला मात्र दोन माणसं धरा. मी आधी एकाकडे गेले. त्यांनी भराभर वाचून दिलं आणि शेवटच्या ओळीत "नावास दोन आणे" असं सांगितलं. कोणाच्या नावास? तर वाटेत कोणी गेलं असेल, त्याच्या नावानं दान. आमच्या घरात दोनशे वर्षांनी सुतक पडलं. माझा भाऊ तर सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायला निघाला. सहा महिन्यांनी दुसऱ्या जाणकार बाईंना कागद दाखवला. त्यांनी भिंग लावलं, आधीच्या ओळीवर बोट ठेवलं: "इथं नावाडी आहे ना? मग पुढं 'नावास' कसं येईल? 'नावेस' आहे ते. नावेस दोन आणे." मोडीत हात उचलत नाहीत, कानामात्रा ओढीत बुडते. शब्द अडला तर शेजारचा खर्च बघायचा. मेलेला माणूस होडी झाला आणि भावानं पान मागे घेतलं.

त्या कागदावर बाकी काय होतं? बैलांस वैरण, दोन ठिकाणी जकात, एक चाक दुरुस्ती, आणि "भिलकवडी". हा शब्द दिसला तर समजा, तुमची माणसं डोंगरातून चालली आहेत. घाटवाटा राखणारे भिल्ल नाईक प्रवाशांकडून घेत ती ही पट्टी. अहिल्याबाईंनी ती बंद पाडली नाही. हक्क मान्य केला आणि त्याबदली वाट सुरक्षित ठेवायची जबाबदारी नाइकांच्या गळ्यात घातली. त्याच यादीच्या शेवटी: "घाटावर नारळ १, नावाडी यास शिधा, नावेस दोन आणे."

इथं मला माझी फजिती सांगावी लागणार.

आमच्याकडे लग्नात देवक बसलं की एक नारळ वेगळा काढून ठेवतात. त्याला म्हणतात घाटाचा नारळ. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरातली मोठी सून दाराच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतते आणि त्यावर तो नारळ वाढवते. कुठला घाट, कोणी सांगत नसे. मी नकाशेवाली. घाट म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं कंटूर दाटतात. त्यात बिजासन घाटात देवीचं ठाणं आहे. झालं, ठरलं. शोध सुरू करायच्या आधीच मी गाडी करून बिजासनला गेले, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर, ओटी भरली, नारळ वाढवला, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पुढची दोन वर्षं सगळा पुरावा मी त्या एका खिंडीत ओतत राहिले.

"नावेस दोन आणे" वाचल्यावर आत्याकडे गेले. नारळाचं तिला कधी विचारलंच नव्हतं, मला माहीत होतं ना! ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "पायरीवर पाणी का ओततात मग? डोंगराला कोणी आंघोळ घालतं का, गं? घाट म्हणजे महेश्वरचा घाट. पायऱ्या."

दक्षिणेतून आलेल्या माणसाला घाट म्हणजे डोंगरातली वाट. नर्मदेकाठी दोन पिढ्या काढलेल्याला घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आमच्या घराण्यानं शब्द दख्खनेतून आणला आणि अर्थ महेश्वरात बदलला. तुमच्या घरात कुठं "घाट", "उतार", "नाका", "बारी" असा शब्द अडकला असेल तर तो कुठल्या मुक्कामावर बोलला जात होता ते आधी बघा. खानदेशात बारी म्हणजे खिंड, इकडे इंदुरात बारी म्हणजे पाळी. "कडा", "नाळ" हे शब्द इकडे कोणी वापरत नाही. घरच्या गोष्टीत ते आले तर गोष्ट जुनी आहे.

मग साल तपासायचं. साल हे नुसतं आकडा म्हणून उपयोगाचं नाही, त्या सालात माणसं का हलतील हे विचारायचं. आमचं उत्तर राजकारणात निघालं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. चांदवडच्या महालात खर्डेघाशी करणाऱ्या माणसाचा धनी एका सहीनं डोंगरापलीकडे गेला. फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठी थाळनेरच्या किल्लेदारानं किल्ला द्यायला नकार दिला, तेव्हा इंग्रजांनी आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. आमचे लोक पुढच्याच वर्षी त्या टापूतून गेले. होळकरांची राजधानीही १८१८ मध्येच इंदूरला आली. म्हणजे आमचं येणं मल्हाररावांबरोबर नव्हे, त्यांच्या मृत्यूनंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी, नोकरीच्या मागे. भावाला हे अजून पटत नाही. तुमचं साल १७२८ च्या पुढं-मागं निघालं तर खुशाल फौजेत शोधा. त्या वर्षी नोव्हेंबरात अमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी माळव्याच्या मोगल सुभेदाराला, गिरिधर बहादुराला, बुडवलं आणि माळवा उघडला. १८७० च्या दशकानंतरचं निघालं तर चालत आलेच नसतील. दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोट रुपये कर्ज दिलं आणि खांडव्याहून इंदूरला रेल्वे आली. तुमचे पणजोबा काळाकुंडच्या चढावर खिडकीतून डोकं काढून बसलेले असतील.

मुक्काम आणि साल हातात आलं की नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीट आता घरबसल्या उतरवून घेता येतात. इंदूर, महू, महेश्वर हा सगळा चौकोन जुन्या क्रमांकानं ४६ एन. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, कंटूर वीस मीटरला एक. गाडीबैलांचं बिऱ्हाड दिवसाला पाच-सहा कोस चालतं. कोस म्हणजे साधारण दोन मैल, तेव्हा पंधरा-अठरा किलोमीटर धरा. दोन मुक्कामांमध्ये या मापानं टिंबं द्या आणि प्रत्येक टिंबापाशी बावडी, तलाव, बारमाही नाला, धर्मशाळा काही आहे का बघा. पाणी नसेल तर टिंब चुकलंय, सरकवा. चढावर कंटूर कुठं विरळ होतात तिकडं बोट न्या. आजचा डांबरी रस्ता विसरा, त्याला वळणं परवडतात. जुनी वाट बहुधा धारेवरून सरळ येते आणि शेवटच्या टेपाआधी पाण्यापाशी थांबते.

आमचं उरलं महेश्वर ते इंदूर. नव्वदेक किलोमीटर, पाच दिवसांच्या पाच मजला, मध्ये जामचा घाट. जाम दरवाजा तुम्ही पावसाळ्यात भजी खायला जाऊन बघितला असेल. दसऱ्यानंतर, गर्दी नसताना जा. कड्याच्या अगदी ओठावर अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा उभा आहे, तोंड दक्षिणेला. कमानीत उभं राहिलं की खाली सगळं निमाड पसरलेलं, आणि चांगल्या हवेत दूर नर्मदेकडचा धुरकट पट्टा. दरवाजा बघून परतू नका. खालच्या गावात एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, गाड्यांची जुनी वाट कुठली. "ऐतिहासिक मार्ग" विचाराल तर तो दरवाजाकडे बोट दाखवेल. "बैल कुठून चढायचे?" विचारा. एकटं उतरू नका, दोन बाटल्या पाणी घ्या, आणि अंधाराआधी वर या.

महेश्वरला गेलात तर नावेनं पलीकडच्या नावडाटोलीलाही जाऊन या. नाव नावाड्यांच्या वस्तीचं. तिथल्या टेकाडांवर १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती निघाली. त्यांची रंगीत माळवा भांडी तापीकाठच्या प्रकाशेला आणि पार भीमेच्या खोऱ्यात, घोडनदीकाठच्या इनामगावलाही सापडली आहेत. म्हणजे नदीचा हाच उतार, हेच डोंगर, पण माणसं आणि मडकी चाललीत माळव्यातून दख्खनेत. हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आपण परत आलो म्हण."

शेवटी वाट काढताना एक ट्रेसरची शिस्त पाळा. जिथं कागद किंवा वही आहे तिथं सलग रेघ. जिथं फक्त सुनेचं माहेर आहे तिथं तुटक. जिथं तुमची नुसती अक्कल आहे तिथं टिंबं. शाई कशालाच नको, पेन्सिल. माझ्या नकाशावर महेश्वर ते इंदूर तुटक आहे, महेश्वरच्या नदीवरचा अर्धा इंच सलग आहे, आणि सोनगीरपासून सेंधव्यापर्यंत टिंबंच टिंबं. बिजासनही त्या टिंबांत येतो, तेव्हा तो नारळ अगदीच वाया गेला म्हणवत नाही. दिवाळीनंतर भाचीला घेऊन थाळनेरला जायचं आहे, तापीचं पाणी उतरलं की. आत्याला विचारून ठेवलंय, तापीसाठी वेगळा काही नारळ होता का. ती म्हणते, आठवून सांगते.